वाळवण निघाले दर्यापार

सन १८८३ च्या एप्रिल महिन्यात कलकत्त्याच्या बंदरातून एक अठरा वर्षांची मराठी मुलगी आगबोटीत बसून अमेरिकेस निघाली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. वैद्यकी शिकण्यासाठी निघालेल्या या मुलीने त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून आपला निश्चय लोकांपुढे ठेवला होता. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. पोशाख आणि आहार बदलणार नाही, असे तिने सांगितले. ७ एप्रिलला निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, म्हणजे प्रवासातच जवळजवळ दोन महिने गेले. शाकाहाराचे व्रत घेतलेल्या मुलीबरोबर इतके दिवस टिकेल असे काय बांधून द्यावे, हा प्रश्न कोणत्याही आईच्या मनात पहिल्याने उभा राहील.

हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराला मुळीच नवा नव्हता. पावसाळ्याचे चार महिने काय टिकेल, भाजीपाला नसेल तेव्हा पानात काय वाढता येईल, याचा विचार करूनच आपल्या आज्यापणज्यांनी वैशाखातले वाळवण आणि आषाढाआधीचे लोणचे सिद्ध केले. कुरड्या, शेवया, सरगुंडे, मुगवड्या, ज्वारीचे धापोडे, उडदाचे पापड ही सगळी त्या विचाराची फळे होत. बरणीतले हे शहाणपण जहाजात चढून परमुलखात कसे गेले, आणि त्यातून बायकांच्या हाती काय पडले, हे या वर्धापनदिनाच्या निमित्ताने भगिनींपुढे मांडावे असे वाटते.

आपल्या जिल्ह्याला दर्यापारच्या व्यापाराची ओळख आहे. पण ती कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला. भाव चढला तो परक्या मुलखातील लढाईमुळे आणि पडला तोही तिच्यामुळेच. शेतकऱ्याच्या हाती दोन्ही वेळा काही नव्हते. पुढे १९०५ साली वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ जिल्हा झाले. त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या आरंभी, यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. ती किलिक निक्सन कंपनीच्या कारभारातली. आपण सारे तिला ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो. यवतमाळ, दारव्हा या भागातील कापूस तिने मूर्तिजापूरला जाई, तेथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरात आणि तेथून बोटीने विलायतेस. या गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथेच तयार झालेले होते. इकडचा कापूस तिकडे जाई आणि तो ओढण्याचे इंजिन तिकडून येई! १९९४ च्या एप्रिलमध्ये त्या इंजिनाला निवृत्ती मिळाली आणि आता ती गाडीही धावत नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्याकडून जे गेले ते कच्चे गेले. बोंडातला कापूस गेला आणि सुताचे, कापडाचे, रंगाचे, शिलाईचे पैसे दुसऱ्यांच्या पदरात पडले. ज्या जिल्ह्यात कापसाच्या भावावर घरे उभी राहतात आणि मोडतात, तेथील बाईला याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. म्हणूनच, पक्का तयार झालेला जिन्नस घरातल्या बाईच्या हातून जहाजापर्यंत पोहोचला तो इतिहास आपण लक्षपूर्वक वाचला पाहिजे.

प्रथम, पदार्थ टिकतो कशाने ते पाहू. पदार्थ नासतो तो बहुधा त्यातील जंतू आणि बुरशी यांमुळे, आणि त्यांना जगायला पाणी लागते. शास्त्रज्ञ पदार्थातील मोकळ्या पाण्याचे एक माप काढतात. शुद्ध पाण्याचे माप १ धरले, तर हे माप ०.६ च्या खाली गेल्यावर कोणतीही बुरशी वा जंतू त्या पदार्थात वाढू शकत नाही. वाळवण म्हणजे उन्हाच्या साहाय्याने हे माप खाली आणणे होय. मीठ आणि साखर दुसऱ्या रीतीने तेच करतात. त्या पाण्याला बांधून ठेवतात. म्हणून मुरांबा टिकतो. लोणच्यात मिठाच्या जोडीला कैरीचा किंवा लिंबाचा आंबटपणा असतो. पुरेशा आंबट पदार्थात अत्यंत घातक असे विष निर्माण करणारे जंतूही मूळ धरू शकत नाहीत. वरचा तेलाचा थर हवा अडवतो. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, असे सासूबाई सांगत आल्या त्यामागे हेच शास्त्र आहे.

पाश्चात्त्य देशांत या विषयाला मोठी चालना युद्धामुळे मिळाली. फौजेला आणि आरमाराला दूरवर टिकाऊ अन्न हवे होते. निकोलस अपेअर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली. त्याबद्दल सरकारने त्यास १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. १८१० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरांड याने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते याची उकल पाश्चरने केली ती पुढे सुमारे पन्नास वर्षांनी. तेव्हा, कारण कळण्याआधी कृती साधणे हे काही आपल्याच स्वयंपाकघरात घडले असे नाही.

आपल्या महाराष्ट्रात डबाबंद मालाचे नामांकित उदाहरण म्हणजे रत्नागिरीच्या हापूसचा रस. आंबा मुळात आंबट असल्याने त्यास माफक उष्णता पुरते. कारखान्यांतून हा रस बहुधा ३.१ किलोच्या मोठ्या डब्यांत भरला जातो आणि आखाती देश, युरोप इकडे बोटीने जातो. लोणच्या-मसाल्यांचे नाव काढले की मुंबईच्या गिरगावाची आठवण होते. १९१० साली तेथे विश्वनाथ परशुराम बेडेकर यांनी दुकान घातले. आज त्या नावाची लोणची परदेशातील मराठी घरांतून पानात पडतात. परंतु या दोन्हींत भांडवल व्यापाऱ्याचे किंवा कारखानदाराचे. बायकांनीच आरंभिलेला आणि बायकांच्याच मालकीचा असा उद्योग पाहावयाचा तर त्याच गिरगावातील दुसऱ्या एका इमारतीच्या गच्चीवर जावे लागेल.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी एक. समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून घेतलेले ऐंशी रुपये उसने, एवढेच भांडवल. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले आणि ते भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यास विकले. आरंभी त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सल्ला दिला की, पापड एकाच प्रतीचा करा आणि प्रतीच्या बाबतीत कधीही तडजोड करू नका. हा सल्ला वरवर लहान दिसतो. पण ज्या गिऱ्हाइकाने करणारीला कधी पाहिलेले नाही, जे हजारो कोसांवर आहे, ते केवळ पाकिटावरच्या नावावर विसंबते. एका पाकिटात चांगला आणि दुसऱ्यात वाईट पापड निघाला, की ते नाव संपले. दर्यापारच्या व्यापाराचा पाया त्या सल्ल्याने घातला गेला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी अडचण पावसाची. पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेना. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा! मोठ्या यंत्रावाचून पाऊस जिंकला गेला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. तिसऱ्या वर्षापर्यंत भगिनींची संख्या तीनशेच्या वर गेली आणि गच्ची अपुरी पडू लागली. तेव्हा मळलेले पीठ घरोघर वाटावे, भगिनींनी आपल्या घरी पापड लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून द्यावेत, अशी पद्धत पडली. १९६२ साली स्पर्धा लावून मालाला नाव निवडले गेले. नाव ‘लिज्जत’ आणि बक्षीस पाच रुपये. १९६२-६३ साली विक्री १ लाख ८२ हजार रुपयांवर गेली. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पीठ एका जागी मळायचे आणि लाटायचे घरोघर, या व्यवस्थेत मोठे शहाणपण आहे. चव पिठात असते. मीठ, खार, हिंग, मिरे यांचे प्रमाण एकाच ठिकाणी ठरले म्हणजे हजार घरांतला पापड एका चवीचा होतो. हात मात्र प्रत्येकीचा, आणि त्या हाताची लाटणावळ तिची तिला मिळते. जिच्या घरात स्वच्छता आणि वाळवायला जागा आहे तिलाच लाटण्याचे काम. जिला जागा नाही तिने मळणे, तोलणे, पाकिटे भरणे ही कामे करावीत. प्रत्येक सभासद बाई ही मालकीण; नफ्यात आणि तोट्यातही वाटेकरी. आज अशा भगिनी चाळीस हजारांहून अधिक आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. या पापडांसाठी लागणारा उडीद ब्रह्मदेशातून, हिंग अफगाणिस्तानातून आणि मिरे केरळातून आणण्याचा संस्थेचा परिपाठ आहे. म्हणजे उडीद समुद्र ओलांडून येतो आणि पापड होऊन पुन्हा समुद्र ओलांडून जातो. कापसाच्या कहाणीत आपण ज्या टोकाला होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला गिरगावच्या या बायका बसल्या. कच्चा माल कोणाचा, यापेक्षा त्यास शेवटचा हात कोणाचा लागतो आणि पाकिटावर नाव कोणाचे असते, यावर मिळकत ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

आता हा माल जातो कसा? ही संस्था स्वतः जहाजाच्या भानगडीत फारशी पडत नाही. निर्यातदार व्यापारी तिच्याकडून माल घेऊन इंग्लंड, अमेरिका, आखाती देश, सिंगापूर अशा ठिकाणी धाडतात. पूर्वी बंदरात प्रत्येक खोके, प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून बोटीच्या पोटात उतरे. त्यात फूटतूट होई, चोरी होई आणि बोट धक्क्यावर दिवसचे दिवस उभी राही. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या बोटीवरून ५८ लोखंडी पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला गेल्या आणि कंटेनरचे युग सुरू झाले. कारखान्याच्या दारात भरलेली पेटी गिऱ्हाइकाच्या दारातच उघडायची, ही त्यातली खुबी. वीस फुटी पेटीत आत सुमारे तेहतीस घनमीटर जागा असते. आपल्याकडे या कामासाठी न्हावा-शेवा येथे नवे बंदर बांधण्यात आले. जवाहरलाल नेहरू बंदर या नावाने ते मे १९८९ मध्ये सुरू झाले. आपल्या यवतमाळपासून ते सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. पण नागपूरला कंटेनरचा डेपो आहे आणि तेथे सील लागलेली पेटी रेल्वेने थेट बंदरात पोहोचते.

पेटी बंद झाली म्हणजे काळजी संपली असे मात्र नाही. मुंबईच्या दमट उष्ण हवेत भरलेली पेटी थंड समुद्रात शिरली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्याच्या छताला लागून थेंब धरते आणि ते थेंब खोक्यांवर टपकतात. बाहेर पाऊस नसताना पेटीत पाऊस पडतो! उन्हात कडक वाळवलेला पापड त्या पाण्याने बुरसतो. म्हणून पेटीत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात, पाकिटाचा प्लास्टिक कागद ओल आत न जाऊ देणारा निवडतात आणि खोकी पत्र्याला टेकू देत नाहीत. खोक्यांखालच्या लाकडी फळ्यांतून किडे जाऊ नयेत म्हणून त्या फळ्यांना गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटे देऊन शिक्का मारावा लागतो. युरोपात विकायच्या पाकिटावर मोहरी, तीळ, शेंगदाणे, गहू यांचा उल्लेख ठळकपणे करावा लागतो, कारण काही माणसांना त्यांचे वावडे असते. आपल्या लोणच्यातली बिचारी मोहरीही त्यातून सुटलेली नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर अन्न बनवणाऱ्या कारखान्याची तिकडच्या खात्याकडे नोंद आणि माल पोहोचण्याआधी वर्दी द्यावी लागते.

हे नियम जाचक वाटतात, आणि कधी कधी ते असतातही. सुक्या बोंबलाचे उदाहरण घ्या. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळी स्त्रीपुरुष दांड्यांवर बोंबील वाळवतात. तो इंग्लंडात फार दिवसांपासून आवडीने खाल्ला जाई. १९९७ च्या सुमारास युरोपीय संघाने मान्यताप्राप्त कारखान्यांखेरीज इतरत्र तयार झालेल्या भारतीय मासळीवर बंदी घातली आणि बोंबील एकदम बंद झाला. तेथील खवय्यांनी चळवळ केली, भारतीय वकिलातीने रदबदली केली, आणि शेवटी तोडगा निघाला तो असा की, बोंबील उघड्यावर वाळवण्यास हरकत नाही, पण तो मान्यताप्राप्त ठिकाणी पॅक झाला पाहिजे. वाळवण्याची रीत तीच राहिली. बदलली ती पॅकिंगची जागा. उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. २००३ साली भारतातून गेलेल्या तिखटाच्या मालात ‘सुदान’ नावाचा अपायकारक रंग युरोपात सापडला आणि तेव्हापासून प्रत्येकाच्याच तिखटाला तपासणीचा दाखला लागू लागला. भेसळ काहींनी केली, दंड सर्वांना झाला. एका प्रतीचा पापड करा, हा छगनबाप्पांचा सल्ला येथे पुन्हा आठवतो.

बोटीने माल पाठवण्याचे कारण स्वस्ताई हे होय. पापड, मसाला, लोणचे यांसारखा माल विमानाने धाडला तर भाडेच मालाच्या किमतीवर चढून बसेल. बोट स्वस्त, पण तिला वेळ लागतो. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला तेव्हा मुंबई ते लंडन हा मार्ग हजारो मैलांनी आखूड झाला. तोच कालवा जून १९६७ ते जून १९७५ अशी आठ वर्षे युद्धामुळे बंद होता. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ ही एकच अजस्र बोट आडवी अडकली, आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले आणि पुष्कळ बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. त्यात दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत भर पडे. अशा वेळी ताजे फळ सडते, भाजी फेकावी लागते. नीट वाळलेला आणि नीट बांधलेला पापड मात्र खोक्यात शांतपणे पडून राहतो. अर्थात पाकिटावरची मुदत त्याच्यासाठीही धावत असते, आणि दुकानदार बरीच मुदत शिल्लक असलेलाच माल मागतो. म्हणून आज पाठवायचा माल आजचाच हवा. मागल्या वर्षीचा डबा तळातून काढून भागत नाही.

आपल्याकडे पाहिले तर काय दिसते? मुंबईच्या बायकांना वाळवणासाठी खाट आणि स्टोव्ह लागला. आपल्या जिल्ह्यात वैशाखाचे ऊन पारा पंचेचाळीसपर्यंत नेते आणि हवा कोरडीठाक असते. ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो ते वाळवणाचे भांडवल आहे. उडीद, मूग, तूर आपल्या शेतात होते. लाटणारे हात तर घरोघर आहेत. बचत गटांनी त्यांना एकत्र बसवलेही आहे. उणीव आहे ती एक प्रत धरून ठेवण्याची, तोलून-मापून लिहून ठेवण्याची, आणि पाकिटावर आपले नाव घालण्याच्या धिटाईची. दुसऱ्याच्या नावासाठी लाटून दिले तर लाटणावळ मिळते. नाव आपले असले तर नफ्याचाही वाटा मिळतो. कापसाच्या बाबतीत आपल्या आजोबापणजोबांपुढे ही निवड कोणी ठेवली नव्हती. आपल्यापुढे ती आहे.

सारा पापड उद्याच लंडनला गेला पाहिजे असे कोणी म्हणणार नाही. आधी यवतमाळच्या बाजारात, मग नागपुरात, मग मुंबईत, अशीच पायरी असते. गिरगावचा पापडही आधी भुलेश्वरला गेला होता. पण पहिल्या दिवसापासून तो असा लाटावा, असा वाळवावा आणि असा बांधावा की, जहाजात चढायची वेळ आली तर त्यात काही बदलावे लागू नये. हात फिरे तेथे लक्ष्मी फिरे, ही म्हण आपण घराच्या चार भिंतींत फार दिवस वापरली. ती बंदरापर्यंत नेण्याचे काम येत्या उन्हाळ्याच्या वाळवणापासूनही सुरू करता येईल.